स्थावर, जंगम आणि सोलापूरचे नंदीध्वज

शिल्प ही वस्तू आहे की कृती, हा वाद गेल्या साठ-सत्तर वर्षांत दृश्यकलेच्या क्षेत्रात ऐरणीवर आला आहे. दगड, धातू किंवा लाकूड यांना दिलेला आकार पूर्ण झाला की शिल्पकाराचे काम संपले आणि पाहणाऱ्याने ठरावीक अंतरावरून तो आकार न्याहाळावा, ही जुनी धारणा अनेक कलावंतांना अपुरी वाटू लागली. त्यांनी घडवलेली वस्तू कोणीतरी उचलल्याशिवाय, अंगावर घेतल्याशिवाय किंवा तिच्यातून चालत गेल्याशिवाय शिल्प म्हणून सिद्धच होत नाही. अशा कामाला सहभागात्मक शिल्प म्हणतात, आणि त्यात माणसाच्या देहाची कृती हेच मुख्य माध्यम असेल तर त्याला प्रयोगशिल्प म्हणता येईल. कलादालनाच्या चार भिंतींत या कामाला हातपाय पसरता येत नाहीत, म्हणून त्याचा ओढा बऱ्याचदा शिल्पोद्यानांकडे, म्हणजे शिल्पांसाठी राखलेल्या मोकळ्या जागांकडे असतो. इंग्लंडमधील यॉर्कशर स्कल्प्चर पार्क १९७७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे जयपूरच्या नाहरगडावरील माधवेंद्र महालात २०१७ मध्ये समकालीन शिल्पांचे उद्यान उघडले.

या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र कलेचा जितका आहे तितकाच धर्मचिंतनाचा आहे. पावित्र्य वस्तूत वसते की वस्तूशी होणाऱ्या व्यवहारात, मूर्ती आधी आणि पूजा नंतर की पूजेमुळे मूर्ती, आणि त्या व्यवहारात उतरणाऱ्या माणसाकडून नेमके काय अपेक्षित असते, हे प्रश्न भारतीय परंपरेने कलासमीक्षेच्या कितीतरी आधी विचारले आहेत. सोलापुरात तर ते दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास रस्त्यावर येतात. सिद्धेश्वरांची यात्रा, जिला गावकरी गड्डा यात्रा म्हणतात, ती शिल्पकलेच्या अंगाने कोणी फारशी पाहिलेली नाही. ती तशी पाहिल्यास आजच्या सहभागात्मक कलेचे बळ आणि तिचा पोकळपणा दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

सिद्धराम किंवा सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी. सोलापूरचे जुने नाव सोन्नलिगे, आणि त्या गावाला त्यांनी आकार दिला असे परंपरा सांगते. कथा अशी की, शेत राखणाऱ्या बाल सिद्धरामाकडे मल्लिकार्जुन फिरत्या जंगमाच्या रूपाने आला, त्याने खायला मागितले, आणि मुलगा अन्न घेऊन परतेपर्यंत तो नाहीसा झाला. त्याच्या शोधात श्रीशैलापर्यंत गेलेल्या सिद्धरामाला तेथे देवाने सांगितले की, परत जाऊन आपल्या गावालाच श्रीशैल कर. मग त्यांनी तलाव खोदवला, मंदिर उभारले, पंचक्रोशीत ६८ लिंगांची आणि अष्टविनायकांची स्थापना केली. फिरत्या रूपात आलेल्या देवाच्या शोधातून निघालेल्या माणसाने आयुष्याचा मोठा भाग न हलणाऱ्या गोष्टी उभारण्यात घालवला, ही विसंगती पुढे त्यांच्याच चरित्रात प्रश्न बनून उभी राहते.

तो प्रश्न विचारला शरण परंपरेतील, म्हणजे बसवण्णांच्या काळातील शिवभक्तांच्या पंथातील, अल्लमप्रभूंनी. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ही भेट रंगवली आहे. तलावाच्या कामावर शेकडो मजूर राबत असताना अल्लमप्रभू तेथे येतात आणि हा वड्डरांचा राम कुठे आहे, अशा आशयाची कुचेष्टा करतात. वड्डर म्हणजे दगडमातीचे काम करणारे लोक. चिडलेले मजूर त्यांच्यावर दगड फेकतात, दगड त्यांना लागत नाहीत, आणि शेवटी सिद्धरामांशी त्यांचा दीर्घ संवाद होतो. अल्लमप्रभूंचा रोख लोकोपयोगी कामावर नव्हता. ते काम करणाऱ्याला जो कर्तेपणाचा आणि पुण्यसंचयाचा लेप चढतो त्यावर होता. या भेटीनंतर सिद्धराम बसवण्णांच्या कल्याण नगरीत जातात आणि चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगाची दीक्षा मिळते. इष्टलिंग म्हणजे साधकाने अंगावर बाळगायचे आणि तळहातावर घेऊन पूजायचे लहान लिंग. देवळात रोवलेले लिंग सोडून हातात मावणाऱ्या लिंगाकडे झालेला हा प्रवास शरण परंपरेच्या एका मुख्य सिद्धान्ताशी जुळतो: स्थावर, म्हणजे उभे केलेले आणि अचल, ते कधीतरी कोसळणार, जंगम, म्हणजे हलते, चालते, जिवंत, ते टिकणार. श्रीमंतांनी देवळे बांधावीत आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने आपला देहच देऊळ मानावा, या बसवण्णांच्या भूमिकेत धर्माइतकाच सामाजिक विद्रोहही होता.

स्थावर सोडण्याचा उपदेश मिळालेल्या योग्याच्या गावात ६८ लिंगे मात्र आजही आपापल्या जागी आहेत. त्यांना हलवणे शक्य नाही, आणि परंपरेने त्यांना सोडलेही नाही. तिने त्यांच्याभोवती एक जंगम गोष्ट फिरती ठेवली. यात्रेच्या आरंभी सात नंदीध्वज या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, त्यानंतर होम मैदानावर होम, मग शोभेचे दारूकाम आणि अखेरीस मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी, असा हा क्रम आहे.

नंदीध्वज म्हणजे दोन मजली घराहून उंच अशी वेळूची काठी. सोलापुरात लोक सरळ काठीच म्हणतात. ती सिद्धरामांच्या योगदंडाचे प्रतीक मानली जाते. वाड्यात ती आडवी ठेवलेली असताना पाहिली तर शिल्प म्हणावे असे तिच्यात फारसे काही दिसत नाही. वस्त्रे आणि हार यांनी ती सजते, नवरदेवाप्रमाणे तिला बाशिंग बांधले जाते, आणि तरीही ती पुरी होत नाही. पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस कंबरेच्या पट्ट्याच्या आधाराने ती उचलतो, तिचा तोल आपल्या पाठीत, मांड्यांत आणि मनगटांत घेतो, आणि ‘हर्र बोला हर्र’च्या गजरात चालू लागतो, तेव्हा ती नंदीध्वज होते. वाऱ्याने शेंडा झुकला की खालच्या माणसाला पाऊल बदलावे लागते, म्हणजे त्याची चाल त्याच्या एकट्याच्या मर्जीची राहत नाही. भोवतीचे सहकारी हात द्यायला सज्ज असतात आणि थोड्या अंतराने पेलणारा बदलतो. होमाच्या रात्री पहिल्या काठीला नागफणा बांधतात, त्यामुळे वरचे वजन वाढते आणि ती पेलणे अधिक अवघड होते. तेव्हा सारे गाव माणसाच्या कसबाकडे श्वास रोखून पाहत असते, आणि त्या क्षणी भक्ती कुठे संपते आणि कौशल्याचे कौतुक कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. ते सांगण्याची गरजही नसावी.

जर्मन कलावंत फ्रान्झ एर्हार्ड वाल्थर यांचे काम येथे आठवते. १९६३ ते १९६९ या काळात त्यांनी शिवलेल्या कापडाच्या ५८ वस्तू केल्या: एखादी अंगावर घ्यायची, एखादी दोघांनी दोन टोके धरून ताणायची, एखादीत बरेच जण मिळून उभे राहायचे. घडी घालून ठेवलेली वस्तू म्हणजे साठा आणि माणसांनी वापरात आणलेली वस्तू म्हणजे शिल्प, अशी त्यांची भूमिका. २०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात त्यांना सर्वोत्कृष्ट कलावंताचा सुवर्णसिंह मिळाला. सोलापूरसारख्या चादरीच्या गावाला ही कापडी शिल्पे परकी वाटू नयेत. काठी आणि वाल्थर यांची वस्तू यांत साम्य उघड आहे: दोन्ही देहाशिवाय अपूर्ण आहेत. फरक मात्र साम्याहून महत्त्वाचा आहे. कलादालनात आलेला माणूस कापडात शिरतो, थोडा वेळ थांबतो, बाहेर येतो आणि घरी जातो. त्याने काही चुकीचे केले तरी बिघडत नाही, कारण चूक होण्याची शक्यताच त्या मांडणीत ठेवलेली नसते. काठी पेलणाऱ्याला यात्रेच्या आधी कित्येक आठवडे सराव करावा लागतो, आणि तिचा तोल गेला तर ती गर्दीवर कोसळू शकते. एका ठिकाणी सहभाग ही मुभा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो भार आहे.

या फरकाला भारतीय दर्शनांत नेमका आधार सापडतो. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्र, यज्ञात कर्माला प्रधान मानते. शबरस्वामींनी जैमिनिसूत्रांवरील भाष्यात देवतेला देह असतो आणि ती प्रसन्न होऊन फळ देते ही कल्पना नाकारली. फळ येते ते विधिपूर्वक केलेल्या कर्मातून, आणि देवता त्या कर्माचे अंग ठरते. आस्तिक दर्शनांत गणल्या जाणाऱ्या शास्त्राने इतकी टोकाची भूमिका घ्यावी याचे नवशिक्या वाचकाला आश्चर्य वाटते, पण तिचा अर्थ सरळ आहे: करणाऱ्याच्या मनात काय आहे यापेक्षा त्याने जे करायचे ते नीट केले की नाही, हे महत्त्वाचे. याच्या अगदी उलट भक्तीचा पक्ष. त्याच्या लेखी भाव नसेल तर कर्म म्हणजे नुसती कवायत. सहभागात्मक कलेचे बहुतेक सिद्धान्त नकळत भक्तीच्या पक्षाचे आहेत. प्रेक्षकाला काय जाणवले, त्याच्यात काय बदल झाला, याची ते चौकशी करतात. परंतु भक्तीकडे भाव घडवणारी दीर्घ साधना असते, तर या कलेजवळ बहुधा पाच मिनिटांची भेट असते. भाव हवा पण साधना नको, कृती हवी पण विधीचे बंधन नको, अशी ही कोंडी आहे, आणि ती फोडल्याचे फार थोड्या कलाकृतींबाबत म्हणता येते. योझेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल शहरात सुरू केलेला सात हजार ओक वृक्षांचा उपक्रम त्या थोड्यांपैकी एक. प्रत्येक झाडाशेजारी एक बसाल्टचा दगड, लावणी पुरी व्हायला पाच वर्षे, आणि तोवर कलावंत स्वतः निवर्तलेला. झाड लावणाऱ्या गावावर ते जगवण्याची जबाबदारी येऊन पडली, म्हणून तेथे सहभागाला वजन आले. दगड आणि झाड, स्थावर आणि जंगम, अशी ती जोडी शरणांनाही समजली असती.

गर्दीतील प्रत्येकजण काठी पेलू शकत नाही, मग बाकीच्यांचे स्थान काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर अक्षता सोहळ्यात आहे. कथेप्रमाणे एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा धरली. ते योगी असल्याने त्यांनी नकार दिला, आणि अखेर योगदंडाशी तिचा विवाह झाला. तो विवाह दरवर्षी संमती कट्ट्यावर पुन्हा लागतो. संमतीची वचने वाचली जातात आणि जमलेले लाखो हात अक्षता टाकतात. अक्षता टाकणारा माणूस प्रेक्षक असतो हे खरे, पण मराठी माणसाला लग्नातल्या प्रेक्षकाचे स्थान चांगले ठाऊक आहे: तो साक्षीदार असतो, आणि त्याच्या साक्षीवाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही. पाहणे हीच तेथे कृती ठरते. अभिनवगुप्तांनी रसाच्या संदर्भात सहृदयाला, म्हणजे अनुभवाशी समरस होण्याची तयारी असलेल्या आस्वादकाला, जे महत्त्व दिले त्याच्याशी हे जवळचे आहे. २०२१ च्या जानेवारीत करोनाच्या निर्बंधांमुळे यात्रा नेहमीसारखी भरली नाही आणि मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत विधी झाले. मीमांसकाच्या दृष्टीने त्यात काही उणे नव्हते, कारण कर्म यथासांग पार पडले. साक्षीला उभ्या राहणाऱ्या गावाच्या दृष्टीने मात्र ते अपुरेच राहिले असणार.

या यात्रेचे कौतुक करून थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. विवाहानंतर येतो होम. कथेत कुंभारकन्या अग्निप्रवेश करते, आणि होम मैदानावर तिची बाजरीच्या पेंढ्यांची प्रतिकृती करून, तिला शालू नेसवून, सौभाग्यलेणी घालून अग्नी दिला जातो. निव्वळ घडणीच्या दृष्टीने पाहिले तर सगळ्या यात्रेतले सर्वांत अस्सल प्रयोगशिल्प हेच. ते काही तासांसाठी घडते, ज्या सामग्रीचे असते ती शेतात परत उगवणारी असते, आणि नष्ट होणे हाच त्याचा अर्थ असतो. एम. एफ. हुसेन यांचा जन्म याच जिल्ह्यातील पंढरपूरचा. १९९२ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी ‘श्वेतांबरी’ हे पांढऱ्या वस्त्रांचे मांडणशिल्प केले, म्हणजे जागाच कलाकृती व्हावी अशी मांडणी, तेव्हा त्यावर बराच गहजब झाला होता. त्याहून कितीतरी धीट रचना सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, कारण ती देवाची आहे. पण शालू नेसवलेल्या स्त्रीच्या आकृतीला अग्नी देणे ही कृती १८२९ च्या सतीबंदीनंतर आणि १९८७ च्या कायद्यानंतरच्या समाजात काय अर्थ बाळगते, हा प्रश्न अंगावर येतोच. प्रतीकाला प्रतीक मानावे, त्यात जुन्या चालीचे समर्थन शोधू नये, असे म्हणता येते. परिपक्व योगिनीने देहभाव जाळला असा अर्थही लावता येतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कृतीचा अर्थ करणाऱ्याच्या हेतूवर सर्वस्वी अवलंबून नसतो, हे तर वर मीमांसकांकडूनच मान्य करून घेतले आहे. जिच्या इच्छेतून हा सारा सोहळा जन्मला ती स्त्री, आणि काठी पेलणारे सारे पुरुष, ही रचनाही नजरेआड करण्यासारखी नाही.

मानाचा क्रमही असाच दुहेरी आहे. सात काठ्यांत पहिली देवस्थानची, दुसरी कसब्यातील देशमुखांची, तिसरी लिंगायत माळी समाजाची, चौथी-पाचवी विश्वब्राह्मण समाजाची आणि सहावी-सातवी मातंग समाजाची आहे. ज्या काळात अनेक देवळांचे दरवाजे मातंगांना बंद होते, त्याच काळापासून चालत आलेल्या परंपरेत देवाची काठी त्यांच्या खांद्याशी असावी, ही मोठी गोष्ट आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले होते, हे ध्यानात घेतले तर ती आणखी मोठी वाटते. मात्र काठ्यांचा क्रम हा क्रमच राहतो, आणि जातिभेद नाकारणाऱ्या शरणांच्या विचाराशी तो पूर्ण जुळतो असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. शिल्पोद्यानातील सहभागाची एक बाजू येथे निर्विवाद उजवी आहे: तेथे कोण कोणत्या घरचा, हे कोणी विचारत नाही.

स्पर्शाचा हिशेबही मांडला पाहिजे. ब्राझीलच्या लीजिया क्लार्क यांनी १९६० च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांची शिल्पे केली. पाहणाऱ्याने ती हाताळून हवा तसा आकार द्यावा, हाच त्यांचा हेतू. आज संग्रहालयांत त्यांतील मूळ शिल्पे बहुधा हात लावू न देता ठेवलेली असतात आणि हाताळायला प्रतिकृती देतात. वस्तू वाचली, कलाकृती हरवली. पंढरपूरने नेमका उलटा निर्णय घेतला आहे. लाखो वारकऱ्यांच्या पदस्पर्शाने विठ्ठलाच्या पायांची झीज होते, म्हणून २०२० मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर संरक्षक लेप चढवला. २०२४ च्या उन्हाळ्यात गाभाऱ्याच्या जतनकामासाठी काही आठवडे पदस्पर्श थांबवून केवळ मुखदर्शन ठेवले. आणि काम होताच पदस्पर्श पुन्हा सुरू झाला. पाषाण झिजेल हे पत्करून स्पर्श राखला. दगडापेक्षा स्पर्श महत्त्वाचा, असे वारकऱ्यांचे तत्त्वज्ञान तेथे कोणत्याही ग्रंथाशिवाय व्यक्त होते. संग्रहालयशास्त्राला ते पटणार नाही, आणि त्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही.

उद्या सोलापुरात कोणी शिल्पोद्यान उभारायचे ठरवले, आणि आजच्या महानगरपालिकांचा कल पाहता ते अशक्य नाही, तर पहिला मोह होईल तो चौकाचौकांत फायबरचे नंदीध्वज उभे करण्याचा. तो मोह टाळावा. न पेललेली काठी हे या परंपरेचे शिल्प नव्हे, आणि रंगवलेल्या फायबरला भार नसतो. त्याऐवजी कलावंतांनी यात्रेआधीच्या सरावाचे काही दिवस कसब्यात घालवावेत, सातही काठ्या पेलणाऱ्या माणसांशी बोलावे, गावातल्या स्त्रियांना त्या कुंभाराच्या मुलीबद्दल काय वाटते ते विचारावे, आणि मगच ठरवावे की नव्या शिल्पाजवळ येणाऱ्या माणसाच्या हाती ते काय देणार आहेत आणि त्याच्याकडून काय मागणार आहेत. मागण्यासारखे काही नसेल तर ते शिल्प उभारू नये.